जावईबापूंना गोळी का लागत नाही

मंडळी, टाईप नात करतेय, बोलणं माझं.

आज धुळ्यात थोरल्या पोराच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर वायरीनं जोडून घरचेच एकमेकांना गोळ्या घालत होते. या खेळाचा दुसरा भाग अजून बाजारात यायचाय. त्याची कच्ची सीडी आलीये, खेळून बघून खोट कंपनीला कळवायची. ते काम जळगावच्या जावईबापूंनी घेतलं.

माझी पोरं पटापट मरत होती, जावई एकदाही नाही. मला तिथंच संशय आला.

"खेळ फारच सोपा आहे, तसंच कळवतो," जावई म्हणाले आणि लिहायलाही लागले.

मी धाकट्याच्या मागे जाऊन उभी राहिले. जावई समोर आले की हा बंदूक भिंतीकडे फिरवायचा. मी त्याचा कान धरला.

"माय, त्या जवाई शेतस. त्यास्ले कशी गोळी मारू?"

थोरल्याचंही तेच, जावई आहेत, त्यांना गोळी कशी मारायची. मग धाकट्याला उठवून मीच बसले, बटण विचारून घेतलं आणि जावईबापूंना दारातच आडवं केलं.

ते हसले नाहीत, पण लिहिलेलं पुसलं. लेकीनं मात्र मला न मागता दुसरा चहा आणून दिला.

तुमच्या घरचे जावई खरंच जिंकतात का? एकदा पोरांच्या मागे उभं राहून बघा आणि मला कळवा.