मधपेट्या हलवल्या त्या वर्षी

कोथरूडहून खराडीच्याही पुढे मध आणायला जाते म्हटल्यावर आमच्या सोसायटीतल्या बायका हसायच्या. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही का, म्हणायच्या. मिळायचा. पण एकदा मैत्रिणीबरोबर तिकडे गेले, तेव्हा माश्या पाळणाऱ्या दादांनी पोळ्याचा कोपरा मोडून माझ्या तळहातावर ठेवला होता. मध कोमट होता. त्यानंतर मी दुसरीकडून घेतला नाही.

दादा पन्नाशीचे. गावची बहुतेक जमीन टॉवरांखाली गेलेली, यांच्या घरामागचा तुकडा तेवढा उरलेला. तिथे शेवगा, लिंबं आणि कुंपणाच्या कडेला लाकडी पेट्या. पेट्यांत सातेरी माश्या, आपल्याकडच्याच, लहानखुऱ्या. कुंपणापलीकडे टॉवरमधल्या मुलांच्या घसरगुंड्या. मध गाळून बाटल्या भरायचं काम दादांच्या बायकोचं. मी त्यांना वहिनी म्हणायचे.

एका रविवारी नवरा म्हणाला, "मीही येतो. एवढं पेट्रोल जाळून काय आणतेस ते एकदा बघू दे." तो असाच बोलतो. तिथे पोचल्यावर मात्र त्याला सगळ्यात रस वाटायला लागला. दादा पेटी उघडत होते.

"जवळून बघू का?" त्याने विचारलं.

"बघा की साहेब. फक्त हात हलवू नका. गरीब हायेत माश्या."

त्याने हात हलवला नाही, हे मी शपथेवर सांगते. तरी एक माशी मानेला चावली, एक मनगटाला. दादांनी नखाने काटे खरवडून काढले, वहिनींनी पाणी आणलं. नवरा हसत म्हणाला, "पाहुणचार आवडला." आणि थोड्याच वेळात तो पोट खाजवायला लागला. शर्ट वर केला तर अंगभर लालभडक गांधी उठलेल्या. मग ओठ सुजले. मग त्याने माझं नाव घेतलं, पण आवाज त्याचा नव्हता, घोगरा, आतून अडलेला.

दादांनी पेटी उघडी टाकली आणि टेम्पो काढला. मी नवऱ्याला धरून मध्ये बसले. रस्त्यावर नेहमीचीच गर्दी. दादा हॉर्नवरचा हात काढत नव्हते आणि सारखे म्हणत होते, "साहेब, डोळे उघडे ठेवा. ताई, त्यांच्याशी बोला." मी त्याला आपल्या गॅसचा सिलेंडर कधी लावला ते विचारत राहिले.

इस्पितळात इंजेक्शन दिल्यावर हळूहळू श्वास मोकळा झाला. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "यांना मधमाशीची ॲलर्जी आहे. पुढच्या वेळी याहून वाईट होऊ शकतं. इंजेक्शन कायम जवळ ठेवायचं."

संध्याकाळी बाहेर आले तर दादा आणि वहिनी बाकावर बसलेले. वहिनींनी भाकरी बांधून आणली होती. दादा उठून उभे राहिले. "ताई, मी न्हाई म्हणायला पायजे हुतं."

"तुम्हाला काय ठाऊक, दादा? आम्हालाच ठाऊक नव्हतं."

ते मान हलवत राहिले.

घरी आल्यावर नवरा बदलला. खिडक्या बंद करून बसायचा. आंब्यावर घोंघावणारी साधी माशी दिसली तरी ताट सोडून उठायचा. त्याचे टोमणे बंद झाले, आणि त्यानेच मला जास्त भीती वाटायला लागली.

मग एका बाईंचा फोन आला. त्या दादांच्या कुंपणाशेजारच्या टॉवरमधल्या. माझा नंबर त्यांनी कुठून मिळवला कोण जाणे. "मॅडम, तुमच्या मिस्टरांचं कळलं. आमची लहान मुलं तिथे खेळतात हो. तुम्ही आमच्याबरोबर तक्रार करा, म्हणजे त्या पेट्या उचलायला लागतील."

मी विचार करून सांगते म्हटलं. नवरा समोरच बसला होता.

"देऊन टाक तक्रार," तो म्हणाला.

"त्यांनी तुला वाचवलं."

"माहितीये मला. पण तिथल्या एखाद्या पोराला माझ्यासारखं झालं तर? सगळ्यांकडे टेम्पो नसतो."

त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना. त्या बाईंनाही दोष देता येईना. तरी मी त्यांना नाही म्हणून कळवलं.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच दादांकडे गेले. फोनबद्दल त्यांना सांगायला हवं असं वाटलं. गेले तर कुंपणाच्या कडेला पेट्याच नव्हत्या. नुसते खालचे लोखंडी स्टँड.

"जुन्नरकडं मेव्हण्याच्या मळ्यात नेल्या," दादा म्हणाले.

"टॉवरवाल्यांनी त्रास दिला का?"

"आले हुते. पण त्यांच्यामुळं न्हाई. साहेबांचं त्वांड डोळ्यापुढनं जाईना. कुंपणापलीकडं पोरं खेळायला लागली की मी इथं उभा राहायचो. राखण करत. किती दिवस राहणार?"

मोकळे स्टँड बघून मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. वाईट नंतर वाटलं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. वहिनी आतून चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सकाळी उठलं की आवाज न्हाई. करमत न्हाई." आम्ही तिघं शेवग्याखाली बसून चहा प्यायलो. खाली फुलांचा सडा पडलेला.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. "बरं झालं," तो म्हणाला. नंतर बराच वेळ टीव्हीकडे बघत बसला, आवाज बंदच होता.

दिवाळीत वहिनींचा फोन आला, साहेब कसे आहेत विचारायला. मी काही सांगायच्या आत त्याने हात पुढे करून फोन घेतला.

"मी बरा आहे, वहिनी. दादांना द्या जरा." मग थांबून, "दादा, माश्या रुळल्या का तिकडे?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. तो बराच वेळ नुसता हं, हं करत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "निम्म्या पेट्यांतल्या उडून गेल्या म्हणे."

आणि गॅलरीचं दार लावलं आहे ना, ते बघायला उठला.