कंद उकळणारे दिगंबरराव

दिगंबरराव सोमणांनी एकतीस वर्षं कंद उकळले. नाशिकजवळच्या त्यांच्या कारखान्यात हिमालयातून पोत्यांनी रानकंद यायचे. ते कुटायचे, आंबवायचे, आम्लात उकळायचे, तेव्हा कुठे तळाशी थोडी पांढरी भुकटी हाती लागायची. तिच्यापासून पुढे मुंबईत बायकांच्या औषधातलं हार्मोन बनायचं. ही पुढची गोष्ट मात्र त्यांनी घरात कधी उच्चारली नाही. लग्न ठरवताना सासऱ्यांनाही ‘कंदांचं काम आहे’ एवढंच सांगितलं होतं. परिणामी दर एकादशीला शेजारणी कोनफळं मागायला येत आणि त्यांच्या पत्नी सुलभाताई बिचाऱ्या मंडईतून आणून वाटत.

२००४ च्या फेब्रुवारीत दोघं लेकीकडे, अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या विद्यापीठाच्या गावी आले. रेणूला दिवस गेले होते, नववा आठवडा होता. याआधी दोनदा हातातोंडाशी येऊन निसटलं होतं. बाराव्या आठवड्यापर्यंत रोज संध्याकाळी त्याच हार्मोनचं इंजेक्शन घ्यायचं होतं. जावई देवांग ते टोचायचा आणि बरोबर त्याच वेळी सासऱ्यांना फिरायला जायची हुक्की यायची.

बर्फात बुडालेलं ते विद्यापीठ म्हणजे दिगंबररावांना भुकटी वाळत घातलेलं अफाट ताट वाटे. याच गावातल्या एका प्रोफेसरांनी साठ वर्षांपूर्वी मेक्सिकोतला रानकंद हेरला होता. इथल्या कंपन्यांनी नाक मुरडलं, तेव्हा स्वतःच हार्मोन काढून, बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळून ते मेक्सिको सिटीतल्या एका छोट्या कंपनीच्या दारात उभे राहिले. त्यातून नवी कंपनी निघाली. वर्षभरात भांडून ते बाहेर पडले, कंपनी मात्र जगभर गाजली. रसायनशास्त्राच्या इमारतीसमोर दिगंबरराव टोपी काढून उभे राहत आणि विटांनाच विचारत, “आंबवायला किती दिवस ठेवत होतात हो?” विटा बर्फाआडून नुसत्या बघत राहत.

एका संध्याकाळी ते जरा लवकर परतले, तर दारातच रेणूचा आवाज आला.

“बस झालं. दोन्ही वेळा सुया खाल्ल्या, शेवटी काय झालं? आज नको, उद्याही नको.”

“रेणू, प्लीज यार, तीनच वीक्स राहिलेत,” देवांग बाटली हातात धरून उभा होता.

दिगंबररावांनी काढलेला बूट पुन्हा पायात घातला.

“अहो, आता परत कुठे निघालात?” सुलभाताई कडाडल्या.

कुठेच जाता येईना. दिगंबररावांनी देवांगच्या हातून बाटली घेतली, लेबल वाचलं आणि रेणूशेजारी बसले.

“हे मी केलंय.”

“बाबा, तुम्ही तर कंद...”

“कंदच. म्हणजे हीच बाटली नव्हे गं. पण हिची आज्जी मी उकळलीय.”

“आणि मी एकतीस वर्षं कोनफळं वाटतेय!” सुलभाताईंनी कपाळाला हात लावला.

बाटलीला मुठीत ऊब देत दिगंबररावांनी त्या प्रोफेसरांपासून नाशिकच्या भट्टीपर्यंत सगळं सांगितलं. लाजेनं कान लाल झाले, पण थांबले नाहीत. “हे औषध तेलात विरघळवलेलं असतं. तेल थंड असलं की घट्ट होतं, म्हणून जास्त दुखतं. बाळा, तळाशी भुकटी पडेलच असं मी सांगणार नाही. आमचेही घाणे वाया गेले, लागोपाठ दोन-दोन. पण म्हणून तिसऱ्याला भट्टीच पेटवली नाही, असं कधी केलं नाही.”

रेणू रडता रडता हसली. “देवांग, टोच लवकर. नाहीतर बाबा आम्लाचं प्रमाण सांगायला लागतील.”

दिगंबरराव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्या दिवसापासून बाटली उबवायचं काम त्यांचं.

बाराव्या आठवड्यात क्लिनिकमध्ये नर्सनं सगळ्यांना आत बोलावलं. “मी इथंच बरा,” दिगंबरराव म्हणाले.

“बाबा, या ना.”

ते आत आले आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. तेवढ्यात सोनोग्राफीच्या यंत्रातून धडधड सुरू झाली, जणू दुरून कुणीतरी पळत येतंय.

“एवढ्या घाईत असतं ते?” त्यांनी कॅलेंडरलाच विचारलं.

“हो बाबा. असंच असतं.”

मग मात्र दिगंबररावांनी वळून पडद्याकडे पाहिलं.