बसायची सोय

लोक सायकलवरून फिरून येतात आणि धरणं, घाट, सूर्योदय सांगतात. आमच्या ग्रुपचे सगळे किस्से बुडाचे! एक दुखणं चोळून होत नाही, तोवर दुसरा किस्सा तयार असतो.

ग्रुप म्हणजे आम्ही तिघंच. सलीमभाई माझ्याच वयाचे, अमरावतीत त्यांचं ऑटो आणि बाईकच्या सीटा शिवायचं दुकान. वानखडे चाळिशीचा, बडनेऱ्याला रेल्वेत. आणि मी, पाटबंधारे खात्यातून रिटायर. बायको, सुनंदा, गेल्यापासून घरात एकटाच. खरं सांगतो, रविवार सोडला तर माझं बोलणं फक्त दूधवाल्याशी, तेही ‘अर्धा लिटर’ एवढंच. म्हणून हा ग्रुप मला सोडायचा नव्हता. पण सीटवर दहा किलोमीटरच्या वर बसवत नव्हतं!

*

पहिल्याच रविवारी वलगावला जाऊन आलो. संध्याकाळी बंगलोरहून मुलीचा फोन.

“बाबा, काय करताय?”

“उभा आहे.”

“कोणी आलंय का?”

“नाही गं. एकटाच उभा आहे.”



*

मग वानखडेनं मला आणि स्वतःला मागे पॅड असलेल्या सायकलिंगच्या चड्ड्या मागवल्या. अंजनगाव सुर्जीला निघालो. मी दर दहा किलोमीटरला उतरत होतो, हा गडी मात्र तोंड वाकडं करून चालवतोय. पोचल्यावर म्हणाला, “काका, पैसे पाण्यात गेले. पोटाले लय आराम हाय, पण मागून काहीच फरक नाही!”

सलीमभाईंनी त्याला मागून-पुढून बघितलं. “अरे बाबू, चड्डी उलटी घातली तू!”

हसून हसून मला ठसका लागला. घरी आल्यावर हे कोणाला सांगू म्हणून दोनदा फोन हातात घेतला, आणि ठेवून दिला.

*

एका रविवारी वानखडेनं सुनावलंच. “काका, दिवाळीनंतर आपुन अकोल्याले जाऊन राहिलो. असं घडीघडी उतरसान तर तुमाले घरीच ठेवा लागन.”

गमतीत म्हणाला तो, पण मी लगेच परत सीटवर चढून बसलो.

सलीमभाई म्हणाले, “काहून डरवतं त्याईले? मी शिवतो सीट. फक्त माप पाह्यजे.”

माप म्हणजे बुडाच्या दोन हाडांमधलं अंतर. वानखडेनं व्हिडिओत पाहिलं होतं की पुठ्ठ्यावर बसलं की ठसा उमटतो. सलीमभाईंना पुठ्ठा पटेना. “कणकेवर चांगलं उमटन!”

झालं! मी कणीक मळायला बसलो. मला दोन पोळ्यांचाच अंदाज. इथे परातभर लागणार होती. कितीतरी दिवसांनी घरात एवढी कणीक मळली गेली. वर प्लास्टिक टाकलं आणि दोघांच्या देखत देवाचं नाव घेऊन बसलो. उठल्यावर सलीमभाई टेप लावून म्हणाले, “भाऊ, डावीकडं जास्त रुतलं. तुमी एका अंगानं बसता का?”

बसतो. सोफ्यावर डाव्या कोपऱ्यात. उजवीकडे सुनंदा बसायची. मी तसं सांगितलं. वानखडेनं परात उचलून गुपचूप आत नेऊन ठेवली.

*

सीट अशी झाली, अशी झाली की काय सांगू! रिक्षाचा फोम, काळं रेक्झिन, मधे खाच. अकोल्याला निघालो. मूर्तिजापूरपर्यंत थांबायची गरजच पडली नाही. आणि तिथे माझ्या लक्षात आलं, सकाळपासून आपण एक शब्द बोललेलो नाही.

आधी मी दर दहा किलोमीटरला उतरायचो, ते दोघं मला शिव्या घालायचे, कोणी चिवडा काढायचं, वानखडे त्याच्या रेल्वेतल्या साहेबाची नक्कल करायचा. आता तिघं एका ओळीत. माझ्यासमोर फक्त सलीमभाईंची पाठ. बाराच्या आत अकोला, जेवण, सायकली टेम्पोत टाकून परत. चार वाजता मी घराचं कुलूप काढत होतो. अख्खी संध्याकाळ शिल्लक होती. मला रडू आलं. साठी उलटलेल्या माणसानं बूड दुखत नाही म्हणून रडावं!

*

पुढच्या रविवारी दर्यापूरचा रस्ता धरला. दहा-बारा किलोमीटर झाले असतील. मी ब्रेक दाबला.

“दुखून राहिलं,” मी म्हणालो.

वानखडे चक्रावला. “आता काहून दुखते? मागच्या वेळेस तर अकोल्यापर्यंत हूं का चूं नाही केलं!”

मी खाली बघत उभा. खोटं बोलायची सवय नाही हो.

सलीमभाई सायकलवरून उतरले. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग सीटवर अंगठा दाबला, हाताचा पंजा ठेवून बघितला, वाकून कानसुद्धा लावला.

“गलती माझी हाय,” ते म्हणाले. “हा फोम गरम होते. दर दहा किलोमीटरले उतरून थंडा करा लागते.”

“फोम? थंडा?” वानखडे हसायला लागला.

“तीस साल झाले सीटा शिवून राहिलो. तू मले शिकवतं?” सलीमभाईंनी सायकल लिंबाला टेकवली, रुमाल अंथरला आणि म्हणाले, “बसा भाऊ. टाईम लागते त्याले.”