शंभर टक्के खात्रीचा पंचनामा

आदरणीय वसंतराव साहेबांची आणि माझी पहिली भेट माझ्या मिशीमुळे झाली. अकोल्याहून बदली होऊन मी अमरावतीच्या तहसील कार्यालयात कारकून म्हणून हजर झालो. साहेब तेव्हा नायब तहसीलदार होते. त्यांनी माझा बदलीचा आदेश पाहिलाच नाही. माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "मिशी हाय. वयबी जमते. चला जेलमधी."

तुरुंगात ओळखपरेड होती आणि ती घ्यायचं काम साहेबांकडे होतं. वलगावच्या एका टेम्पोचालकावर मंगळसूत्र ओढल्याचा आरोप होता. त्याच्यासारखे दिसणारे सहा जण त्याच्यासोबत रांगेत उभे करायचे होते आणि त्यातला एक आलाच नव्हता. साहेबांनी मला उभं केलं. आरोपी माझ्या शेजारीच होता, सारखा देवाचं नाव पुटपुटत होता. मला त्याची दया आली आणि सरकारी नोकरीचा राग.

फिर्यादी बाई आत आल्या. साहेबांनी नेहमीप्रमाणे बजावलं, "तो मानूस यात असन, नसनबी. घाई नाही."

बाईंनी घाई केली. थेट माझ्यापुढे येऊन म्हणाल्या, "हाच हाय तो मेला! शंभर टक्के हाच. याले मी झोपेतबी ओळखीन!" आवाज इतका ठाम, की चोरीच्या दिवशी आपण कुठे होतो, हे मीच आठवू लागलो.

"बरोबर ओळखलं ना जी?" बाईंनी विचारलं. साहेबांनी मान डोलावली नाही, हसलेही नाहीत. "तुमी सांगतलं ते लिवलं," एवढंच म्हणाले. बाहेर थांबलेले फौजदार पंचनामा वाचून कळवळले, "साहेब, बाई गडबडल्या. आणखी एक डाव पाहू द्या!" साहेबांनी सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

परतताना मी विचारलं, बाईंना नुसतं 'हो' म्हणायला काय हरकत होती? साहेब म्हणाले, "आपन मान हालवली का तिची खात्री वाढते. कोर्टात जाईपरेंत दुप्पट होते. बाई खोटं नाही बोलत, तिले खरंच तसं वाटते." मग माझा पडलेला चेहरा पाहून त्यांनी मला कचोरी खाऊ घातली आणि मी निर्दोष असल्याचं माझ्या पत्नीला स्वतः फोनवर कळवलं.

पुढे खरा चोर धामणगावला मंगळसूत्रासह सापडला, टेम्पोचालक सुटला. मी अभिमानाने म्हणालो, "साहेब, तो निर्दोष आहे हे तुम्ही आधीच ओळखलं होतं!"

"नाही भाऊ," साहेब म्हणाले. "मले तर तोच चोर वाटला होता. शंभर टक्के."

साहेब पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. स्वतःची खात्री खिशात ठेवून दुसऱ्याचं म्हणणं जसंच्या तसं लिहिणाऱ्या या माणसाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. वलगावात दारात टेम्पो उभा असलेलं एक घर रोज हेच मागतं.