मेंढरंवाल्या आजींच्या तोंडी आमचं घर

मी घरबसल्या लोकांची बोलणी टाइप करते. म्हणजे कुणी संशोधन करणारी माणसं गावोगाव फिरतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं करतात, ते रेकॉर्ड करतात आणि ती रेकॉर्डिंगं माझ्याकडं पाठवतात. कानाला हेडफोन लावायचा, ऐकायचं, शब्दाला शब्द उतरवायचा. सोपं आहे की! मलाही तसंच वाटलं होतं. पण तेव्हा मी माझी दोन लेकरं जमेस धरली नव्हती.

थोरली पाच वर्षांची, बोलायला लागली की वकील. धाकटा अडीचचा, आणि कपडे अंगावर ठेवायचे असतात हे त्याला अजून पटलेलं नाही. आमचे हे सकाळी नवी पेठेत कापडाच्या दुकानावर जातात ते दिवेलागणीलाच उगवतात. घरात उरतो आम्ही तिघं आणि सासूबाई. आमच्याकडं निम्मं मराठी, निम्मं कानडी चालतं, म्हणून त्यांना मी कानडी रीतीनं अत्ती म्हणते. अत्ती जिवाला जीव देणाऱ्या, पण माझ्या कामाबद्दल त्यांचं मत ठाम. "कानात बोंडं घालून बसायचं, त्याला काम म्हंत्यात व्हय?" त्यांच्या हिशेबी कामाला जाणारं माणूस डबा घेऊन घराबाहेर पडतं आणि दमून परत येतं. मी तर बसल्या जागी. मग हाक मारायला काय जातंय? "अगं, जिरं कुटं ठेवलंस?" "ह्याचं नाक पूस." "कुकरच्या किती झाल्या?"

म्हणून मी माझी एक पद्धत काढली. हेडफोन एकाच कानावर. डावा कान रेकॉर्डिंगला, उजवा घराला. बोटं आपली चालूच. मला वाटायचं, काय हुशार बाई आहे मी!

अशात पुण्याच्या एका ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला. सांगोल्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती होत्या, ढिगानं, वर्षभर पुरतील इतक्या. तिकडची बोली कळणारं माणूस त्यांना हवं होतं, आणि माझं आजोळ तिकडचंच. पण आधी एक फाइल नमुना म्हणून करून द्यायची. आवडली तर सगळं काम माझं, नाहीतर दुसऱ्या कुणाचं. बाई गं, मला ते काम इतकं हवं होतं! लग्नाआधी मी कोर्टाजवळच्या एका ऑफिसात टायपिंग करत होते. लोक माझ्या टेबलाशी उभे राहून वाट बघायचे. आता माझी वाट फक्त संडासाच्या दाराशी बघतात.

मॅडमची अट एकच होती. जे जे ऐकू येईल ते ते लिहायचं. आजी खोकल्या तर कंसात 'खोकतात', शेळी ओरडली तर कंसात 'शेळी ओरडते'. मला या कंसांचं असं वेड लागलं की काही विचारू नका. मी घरात तशीच बोलायला लागले. ह्यांनी जेवताना ढेकर दिली की मी म्हणे, "कंसात, ढेकर देतात." थोरलीनं ते लगेच उचललं. धाकट्याला चिमटा काढायची आणि लांबून सांगायची, "आई, कंसात, बाळ रडतो."

नमुन्याची फाइल आली ती एका आजीबाईंची. काय गोड आवाज! दुष्काळ, मेंढरं, टँकर, सगळं ठसक्यात सांगत होत्या. मी टाइप करायला बसले तो नेमका आमच्या गल्लीचा पाण्याचा दिवस. सगळ्या गल्लीत बादल्यांचा खडखडाट, अत्तींची नळापासून मोरीपर्यंत पळापळ, धाकटा नागडा पाइप धरून उभा. माझा डावा कान सांगोल्यात, उजवा मोरीत. बोटं धावत होती. संपलं तशी पाठवून दिली. पुन्हा वाचायला फुरसत कुणाला? पोरगं पिंपात चमचे टाकत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमचा फोन. माझ्या हाताला पीठ, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला. अत्ती शेजारी लसूण सोलत होत्या.

"मला एक सांगा," मॅडम अगदी शुद्ध मराठीत म्हणाल्या, "या आजी सांगोल्याच्या ना? मग मध्येच कानडी कशा बोलायला लागल्या?"

मला कळेना. मॅडमनी वाचूनच दाखवलं. "प्रश्न, 'दुष्काळात तुम्ही मेंढरं घेऊन कुठं जायचात?' उत्तर, 'आम्ही खाली भीमेकडं जायचो, नीर बंदाव, नीर बंदाव, मोठी घागर आण आधी.'"

नीर बंदाव म्हणजे पाणी आलं. ते वाक्य अत्तींचं होतं. अत्तींच्या हातातला लसूण तिथंच थांबला.

"पुढं ऐका. प्रश्न, 'तुमच्या मालकांचं यावर काय म्हणणं असायचं?' उत्तर, 'चड्डी कुटं काढून टाकलीस रे?'"

मेले! घरातलं सगळं बोलणं माझ्या उजव्या कानानं आत घेतलं होतं आणि बोटांनी इमानेइतबारे आजींच्या तोंडी घातलं होतं. कंससुद्धा दिले होते. 'सासू रागावते' असं कंसात होतं. मला आधी हसू आवरेना, आणि मग ध्यानात आलं. काम गेलं, गेलंच आता हातचं!

मॅडम मात्र हसल्या नाहीत. "मला आज सहापर्यंत स्वच्छ फाइल हवी. पुन्हा असं असेल तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल." फोन बंद.

मी पिठाचे हात घेऊन उभी. आता अत्ती म्हणणार, बघ, मी सांगत होते. पण अत्ती माझ्याकडं डोळे मोठे करून बघत होत्या.

"ही तुझी सायबीण व्हय?"

"हो."

"आन ती तुला बोलती?"

"बोलली की आत्ता. ऐकलंत ना तुम्ही."

"मंग आधी न्हाय सांगायचं, तुला सायब हाय म्हणून!" अत्तींनी लसणाचं ताट बाजूला सारलं आणि पदर खोचला. वरून बोलणारं कुणी आहे म्हणजे ती नोकरीच, असा त्यांचा सरळ हिशेब निघाला. इतके दिवस मी घड्याळ, कष्ट, काय काय समजावलं होतं, आणि पटलं कशावर, तर मला शिव्या खाताना ऐकल्यावर. "सा वाजता सुटणार न्हवं? जा. लाव दोनी कानाला. कनीक मी मळते."

मी खोलीत जाऊन बसले. दाराला नुसता पडदा. दोन्ही कान झाकले आणि पहिल्यांदाच आजी पूर्ण ऐकू आल्या. त्या दोन वाक्यांच्या मधे बारीक हसत होत्या, ते मी आधी ऐकलंच नव्हतं. मधे एकदा फाइल थांबवून मागचं तपासत होते तेवढ्यात बाहेर मावशींचा आवाज आला. मावशी म्हणजे अत्तींची बहीण, मंद्रूपहून आलेली. "सूनबाई कुटं हाय?"

"न्हाय घरात. कामावर गेलीय," अत्ती म्हणाल्या.

पंख्यानं पडदा हलत होता. मावशींना माझी पाठ दिसली असणार. "अगं, ती काय बसलीय की!"

"दिसत आसंल. पर ती सा वाजंपातूर हितं न्हाय. तू माझ्यासंगट बोल."

धाकटा पडद्याशी आला. अत्तींनी त्याला उचलून नेलं. तो ओरडत होता, थोरली कंसात त्याचं वर्णन करत होती, आणि मी मागं वळले नाही. डोळ्यात पाणी आलेलं, स्क्रीनवरची अक्षरं पुसट, तरी वळले नाही.

सहाच्या आत फाइल गेली. मी नखं खात बसले. मॅडमचं उत्तर आलं, "आता छान झाली. बाकीच्या उद्यापासून पाठवते." मी खुर्चीतच दोन उड्या मारल्या. अत्तींना सांगायला पडदा ढकलून स्वयंपाकघरात धावले, पण तोंड उघडायच्या आत त्या चुलीकडंच बघत म्हणाल्या,

"सुटलीस व्हय? दमली आसशील. हातपाय धू आधी, च्या ठिवते."

मी सरळ मोरीत गेले आणि चांगले घासून घासून पाय धुतले.