बाबांची दुसरी पसंती

वाडीत ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे आमची एक खोली होती. बाबा गोदामात पोती उचलायचे, आई ट्रक ड्रायव्हरांसाठी पोळ्या लाटायची. चाळीत तीन ओळी, मिळून एकोणीस खोल्या. पाण्याच्या व्हॉल्व्हची चावी नळ समितीच्या अध्यक्षाकडे, आणि अध्यक्ष कायमचे एकच, पहिल्या ओळीतले काका. आमच्या तिसऱ्या ओळीला उरलंसुरलं पाणी यायचं.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मी राज्यशास्त्रात नापास झाले. राष्ट्रपतीची निवडणूक पाठ केली होती, समजली नव्हती. फेरपरीक्षेतही नापास झाले असते, तर सावनेरच्या मामाने पाहिलेलं स्थळ तयारच होतं.

बाबा म्हणाले, "मले समजावून सांग. मले समजलं तर पेपर तपासणाऱ्यालेही समजन."

मी सांगितलं, राष्ट्रपती आपण थेट निवडत नाही. आपण निवडलेले खासदार-आमदार निवडतात. राज्य मोठं, तशी मतांची किंमत मोठी. चिठ्ठीवर पहिली, दुसरी पसंती लिहायची.

"मंग चाळीतच करून पाहू ना," बाबा म्हणाले. अध्यक्षाची निवड होतीच त्या आठवड्यात.

प्रत्येक ओळीने एक प्रतिनिधी दिला. जितक्या खोल्या, तितकी त्याच्या मताची किंमत: नऊ, सहा, चार. काकांनी नऊचा आकडा ऐकला आणि तिथंच मिशीवर हात फिरवला. पुढचा नियम मी दोनदा सांगितला, त्यांनी एकदाही ऐकला नाही.

उमेदवार तीन: काका, बाबांचा एक ड्रायव्हर दोस्त, आणि दुसऱ्या ओळीतल्या बायकांनी उभी केलेली माझी आई. आमच्या ओळीचे प्रतिनिधी बाबा.

चिठ्ठ्या उघडल्या. काका नऊ, आई सहा, ड्रायव्हर चार. जिंकायला एकोणीसच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे दहा हवेत. म्हणून सगळ्यांत मागचा ड्रायव्हर बाद, आणि त्याला मिळालेल्या चिठ्ठीवरची दुसरी पसंती मोजली. ती आईला होती. आई दहा.

"हे असं कोणं ठरवलं वं पोरी?" काका ओरडले.

"संविधानानं, काका."

त्यांनी चावी काढून दिली.

आईच्या चेहऱ्यावर मात्र आनंद नव्हता. मतदान गुप्त होतं, पण चार किमतीची चिठ्ठी अख्ख्या चाळीत एकाच माणसाची होती.

"बावीस वर्षं माह्या हातच्या पोळ्या खाल्ल्या जी, अन् मी दुसऱ्या नंबरवर?"

"अवं, त्याले आधीच शब्द देल्ला होता. अन् जितली ना तू!"

"जितली. आज त्याच्याचकडे जेवा मंग."

बाबा खरंच त्याच्याकडे जेवून आले.

फेरपरीक्षेत हाच प्रश्न आला. या वेळी मी काही आठवत बसले नाही, सरळ लिहीत गेले. निकाल लागला तेव्हा आई चाळीत पाणी सोडत होती, तिन्ही ओळींना सारखं. मी पास झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी आहे.