नाव कमी केल्याचा दाखला

मुलीच्या लग्नानंतर महिनाभरात मी तिचं नाव आमच्या रेशनकार्डातून कमी करून आणलं. तिला विचारलंही नाही. मी शिक्षक; कागद वेळेवर झाला पाहिजे, एवढंच डोक्यात. तो दाखला सासरी द्यायचा असतो, म्हणजे तिकडच्या कार्डात नाव चढतं. मी तो कपाटात ठेवला आणि विसरलो.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती रेणापूरला आलेली. सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. लातूरच्या दवाखान्यात नात झाली, बाराशे ग्रॅमची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मोफत उपचाराच्या सरकारी योजनेच्या टेबलावरची बाई म्हणाली, "आईचं नाव असलेलं रेशनकार्ड तीन दिवसांत आणा. नाहीतर लेकराचा उपचार योजनेत बसणार नाही."

मुलगी आमच्या कार्डात नव्हती आणि सासरच्याही नव्हती. लोह्याहून आलेल्या विहीणबाई वॉर्डात मुलीच्या खाटेपाशी सगळ्यांसमोर लेकावर खेकसल्या, "दीड वरीस झालं, बायकोचं नाव चढवता आलं न्हाई तुला?"

"तहसीलला दोनदा गेलो. माहेरचा दाखला आणा म्हणतेत."

"मग मागायचा की. तोंड शिवलं होतं का?"

"मागितला होता. दिवाळीला," जावई माझ्याकडे बघत म्हणाले.

मला आठवलं. मी "बघतो" म्हणालो होतो. आणि तरीही मी म्हणालो, "मला काही बोलला नाहीत तुम्ही."

"गुरुजी मानूस खोटं बोलंल का?" विहीणबाई म्हणाल्या. "दोस्तांसंगं हिंडाया बरा टाइम हाय तुला."

मुलीनं नवऱ्याकडे पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे रेणापूरला जाऊन दाखला आणला आणि जावयांच्या हातात दिला. त्यांनी त्यावरची तारीख वाचली आणि लोह्याची गाडी धरली. तिसऱ्या दिवशी दुपारी ते नाव चढवलेलं कार्ड घेऊन आले. टेबलावरच्या बाईनं फॉर्म घेतला.

"गुरुजींनी धावपळ केली म्हणून झालं," आम्ही वॉर्डात परतल्यावर विहीणबाई जावयांना म्हणाल्या. "तुझ्या भरवशावर लेकरू गेलं असतं."

जावई खाली बघत उभे होते. मुलगी खाटेवरून ऐकत होती. मला ते सहन होईना.

"दाखला दीड वर्ष माझ्या कपाटात होता," मी म्हणालो. "ह्यांनी दिवाळीला मागितला होता. परवा मी सगळ्यांसमोर खोटं बोललो. जावईबापू, माझं चुकलं. मला माफ करा."